उबिती हा धातू कसा चालवू नये

माझ्याकडे पाठ करून खाली उकिडव्या बसलेल्या एका माणसाला मी, सात किलोचा घण हातात घेऊन, त्याच्या मातृभाषेत सांगितलं, ‘तू धर, मी ठार मारतो.’ मला म्हणायचं होतं, ‘तू धर, मी मारतो.’ एखादा शब्द चुकून जास्त पडला असेल असं वाटेल. तसं नाही. त्या भाषेत तो ‘ठार’ क्रियापदाच्या पोटातच असतो, आणि ते मला माहीत नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची. जहाजं दुरुस्तीसाठी सिंगापूरच्या गोदीत आली की ती दुरुस्ती करवून घ्यायची, हे माझं काम. हुद्दा सुपरिंटेंडंट. जहाजावरची माणसं त्याचं ‘सुपर’ करतात. ते कौतुक नसतं, एवढं कळायला मला दोन वर्षं लागली होती.

त्या वर्षी एका जुन्या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूमसाठी कंपनीने युरोपातून सहा फिटरांची टोळी आणली. त्यांच्यातल्या दोघांचीच गोष्ट इथे आहे. एक फोरमन, क्रोएशियाचा, पंचेचाळिशीचा, अंगाने दाराएवढा, इंग्रजी शब्द मोजून सात-आठ येणारा. दुसरा वेल्डर, सर्बियाचा, काटकुळा आणि बोलका, त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येई. दोघे एकमेकांशी एकाच भाषेत बोलत. तिचं नाव विचारलं की फोरमन एक सांगे, वेल्डर दुसरं सांगे, मग दोघे एकमेकांकडे बघत आणि म्हणत, ‘नाश्की.’ नाश्की म्हणजे आपली, आमची.

मी ती शिकायची ठरवली. गरज होती असं नाही. वेल्डर दुभाष्याचं काम करतच होता. पण मी पुण्याचा, शाळेत संस्कृत घेतलेला, आणि शंभरपैकी शंभरच्या बेतात मार्क मिळवलेला. अशा माणसाला परकी भाषा दिसली की त्याला खाज सुटते. त्यातून वेल्डरने पहिल्याच दिवशी ‘असणे’ हे क्रियापद चालवून दाखवलं: साम, सी, ये, स्मो, स्ते, सू. मी उडालोच. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति! ही तर आपलीच की! नाश्की! मी त्याला तिथेच, गोदीच्या पत्र्याच्या खोलीत, ‘अस्’ धातू तिन्ही वचनांत म्हणून दाखवला. तो म्हणाला, ‘सुपर, तू चर्चमध्ये नोकरी कर.’

त्याच खोलीत, दुपारच्या जेवणाला, टेबलावर झुरळ आलं. सिंगापूरचं झुरळ म्हणजे उडणारी सुपारी. मी सेफ्टी बूट काढला आणि फटकन मारला. वेल्डरने आरोळी ठोकली, ‘उबिओ सी गा!’

झालं. मी खिशातून वही काढली. ‘काय म्हणालास? परत म्हण.’

‘उबिओ सी गा. तू... ते... फिनिश.’ त्याने बुटाकडे बोट दाखवलं.

मी लिहिलं: उबिती = मारणे. आता सांगा, यात मराठी माणसाची काय चूक? आपण झुरळ मारतो, घण मारतो, थोबाडीत मारतो, हाक मारतो. बूट मारला आणि झुरळ मारलं, ही दोन मारणी वेगळी असतात हे आपल्या डोक्यातच येत नाही, कारण आपल्या तोंडात ती एकच आहेत. माझ्याकडे एक खिशातला शब्दकोशही होता. त्यात मारण्यासाठी ‘बिती’ दिलं होतं. पण ‘बिती’ म्हणजे ‘असणे’ हे मी आदल्याच दिवशी शिकलो होतो. एकाच शब्दाचा अर्थ ‘असणे’ आणि ‘बडवणे’ कसा असेल? मी ठरवलं, छपाईची चूक. शब्दकोशातल्या त्या ओळीवर मी पेनाने काट मारली. बघा, काटसुद्धा आपण मारतोच.

मग मी धातू चालवला. उबियेम, उबियेश, उबिये. उबियेमो, उबियेते, उबियू. शेजारी मराठी: मी मारतो, तू मारतोस, तो मारतो. आम्ही मारतो, तुम्ही मारता, ते मारतात. दोन आठवडे पहाटे फिरायला जाताना मी हेच घोकत होतो. आमचा फ्लॅट ईस्ट कोस्टला, समुद्राकाठची बाग चालत पाच मिनिटांवर. सायकलवाले बाजूने जायचे आणि मी हात हलवत म्हणायचो, उबियेमो, उबियेते, उबियू! एकदा समोरून बाबागाडी ढकलत एक गोरी बाई येत होती. तिने माझं पाठांतर ऐकलं, जागच्या जागी गाडी वळवली आणि गवतातून, वाळूतून, मिळेल त्या वाटेने निघून गेली. मला वाटलं, बाळ रडत असेल.

घरी आल्यावर मी वाक्यं तयार करायचो. ‘मारणे’ आपल्याकडे इतक्या ठिकाणी लागतं की एक क्रियापद आलं म्हणजे निम्मी भाषा आली, असा माझा हिशेब होता. हाक, मिठी, गप्पा, चक्कर या नामांना त्यांच्याकडे काय म्हणतात ते अजून माहीत नव्हतं. तिथे मी रेघ ओढून जागा सोडायचो. नाम नंतर भरू, क्रियापद पक्कं झालं पाहिजे.

आता ती सकाळ. जहाज सुक्या गोदीत उभं. इंजिनरूमच्या तळाशी, समुद्राचं पाणी आत घेणारा एक मोठा व्हॉल्व्ह उघडायचा होता. त्याचे नट वीस वर्षांच्या गंजाने एकजीव झालेले. असे नट उघडायला जाड दांड्याचा पाना असतो. एकाने बसून पाना नटावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दांड्याच्या टोकावर घण घालायचा. धरणाऱ्याला घण दिसत नाही. त्याला फक्त मारणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

धरायला फोरमन बसला होता. मारणारा वेल्डर पाणी प्यायला वर गेला होता. मी पाहणीला खाली उतरलो होतो, हातात फाइल. घण भिंतीला टेकून उभा होता. सात वर्षं मी घणाला हात लावला नव्हता. गोदीच्या नियमाने सुपरने हत्याराला हात लावायचाही नसतो. पण त्या क्षणी माझ्या अंगात धातुरूपं नुसती सळसळत होती. फाइल ठेवली, घण उचलला, खांद्यावर नेला, आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ‘ती द्रझी, या उबियेम.’ तू धर, मी मारतो.

फोरमनची मान आधी ताठ झाली. मग तो वळला. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता, त्यामुळे मला फक्त उजेड दिसला. त्याला काय दिसलं ते मला नंतर कळलं.

पाना खालून आला. मी डावा हात पुढे केला असावा, कारण मनगटाच्या वरचं हाड वाळक्या फांदीसारखं कडकन मोडल्याचं मी ऐकलं. आधी ऐकलं, मग दुखलं. घण माझ्या हातून सुटून लोखंडी जाळीवर आदळला आणि सगळी इंजिनरूम घंटेसारखी वाजली. दुसरा फटका तोंडावर, मुठीचा. समोरचे दोन दात जिभेवर आले. मी ते थुंकायच्या आत तो माझ्या छातीवर बसला होता आणि दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती. ओरडत होता, ‘उबित चू ते! उबित चू ते!’

आणि खरं सांगतो, हसू नका, त्या अवस्थेतही माझ्या डोक्यातला पुणेरी विद्यार्थी जागा होता. तो म्हणाला, हं, हा भविष्यकाळ. धातूला ‘चू’ लागलं. ‘ते’ म्हणजे ‘तुला’. मी तुला मारीन. आणि तो मारतच होता, त्यामुळे माझा अर्थ अचूक असल्याची माझी खात्रीच पटली. प्रत्येक वाक्यागणिक माझं डोकं जाळीवर आपटत होतं. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. माझ्या आरपार कुठेतरी बघत तो माझा जीव घेत होता. तोंडाला फेस, गालावरून माझं रक्त. मला दिसणारा उजेड कडेकडेने काळा होत आला. कानात समुद्र. मग कुणीतरी त्याच्या बगलेखाली हात घालून त्याला मागे ओढलं. चार माणसं लागली.

वेल्डर माझ्यावर वाकून विचारत होता, ‘सुपर, काय झालं? काय झालं?’ माझ्या तोंडातून फक्त फुगे येत होते.

पुढचं गोदीच्या रीतीने झालं. सेफ्टीवाल्यांनी पोलिसांना बोलावलं. फोरमनला घेऊन गेले. मला कंपनीच्या विम्यातल्या हॉस्पिटलात, नोव्हेना भागात. हाडाला स्टीलची पट्टी आणि स्क्रू, तोंडात टाके, गळ्यावर दहा बोटांचे निळे ठसे, मोजता येतील असे. दुसऱ्या दिवशी एक तरुण पोलीस अधिकारी जबाब घ्यायला आला. त्याने विचारलं, मारामारीआधी तुमच्यात काय बोलणं झालं? मी म्हणालो, काही नाही. मी त्याला एवढंच म्हणालो, तू धर, मी मारतो. त्याने ते इंग्रजीत लिहिलं, मी उजव्या हाताने सही केली. कुठल्या भाषेत म्हणालात, हे त्याने विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

तिसऱ्या दिवशी वेल्डर आला. संत्री घेऊन आला होता. खुर्चीवर टेकून म्हणाला, ‘सुपर, एक विचारू? पोलिसांनी त्याचा पासपोर्ट ठेवून घेतलाय. कोर्टात गेलं तर तुरुंग. नाही गेलं तरी कंपनी हाकलणार, आणि पुन्हा कुठल्या जहाजावर कोणी घेणार नाही. तो एकच गोष्ट सांगतोय, की सुपर मागे घण घेऊन उभा राहिला आणि आमच्या भाषेत बोलला. पोलिसांना वाटतं, हा वेडा आहे. इंडियन माणूस नाश्की कशाला बोलेल? पण तुझी ती वही मला माहीत आहे. तू नक्की काय बोललास?’

मी उशीवर जरा वर सरकलो. दात नव्हते, तरी उच्चार स्वच्छ काढला. ‘ती द्रझी, या उबियेम.’

हातातलं संत्रं वेल्डरने टेबलावर ठेवलं. मग उचललं. परत ठेवलं.

‘व्याकरण चुकलं का?’ मी विचारलं.

‘सुपर,’ तो हळू म्हणाला, ‘उबिती म्हणजे मारणे नाही. म्हणजे मारणे, पण मग तो माणूस मेला.’

‘पण झुरळ...’

‘झुरळ मेलं होतं!’

मग त्याने मला बाकीचं सांगितलं. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकात लढाई झाली तेव्हा फोरमन वीसेक वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला एका गॅरेजमध्ये जमिनीवर बसवलं होतं, भिंतीकडे तोंड करून. मागे उभा असलेला माणूस ओळखीचा होता. हातात गॅरेजमधलाच हातोडा. तोही एवढंच छोटं वाक्य बोलला होता, याच क्रियापदाचं, पहिल्या पुरुषाचं. भाऊ तिथेच गेला. फोरमनच्या उजव्या कानामागे अजून खाच आहे, टोपीखाली दिसत नाही. मारणारा कुठल्या बाजूचा होता, हे मी विचारलं नाही. वेल्डरनेही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, ‘त्या वेळी तो वळला नव्हता. या वेळी वळला.’

वेल्डर गेला. संत्री राहिली.

मी दोन दिवस काहीच केलं नाही. हे लिहायला दात मोडण्यापेक्षा जास्त त्रास होतोय. माझा हात मोडला होता, खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो, जबाबावरची सही खरी होती. आणि ऑफिसात माझं कौतुक चाललं होतं. मोठ्या साहेबांची फुलं आली. सगळ्या जहाजांना ईमेल गेला होता की कर्तव्य बजावताना आमच्या सुपरिंटेंडंटवर विनाकारण हल्ला झाला. ते ‘विनाकारण’ खोडायचं तर सांगावं लागणार होतं की मी नियम मोडून घण उचलला, आणि एका माणसाला त्याच्या भाषेत ठार मारायची धमकी दिली, संस्कृतच्या जोरावर. मुंबईपासून रॉटरडॅमपर्यंत प्रत्येक इंजिनरूममध्ये तो किस्सा झाला असता. नोकरीही गेली असती कदाचित.

बायको डबा घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूने काहीतरी बोलेल. तिने आमटीचा चमचा माझ्या टाके घातलेल्या तोंडात सरकवला आणि म्हणाली, ‘म्हणजे त्याने तुला मारलं, कारण तू त्याला मारणार होतास.’

‘मी मारणार नव्हतो गं! मी घण मारणार होतो!’

‘हे मला कळतंय. मी मराठी आहे. त्याला कसं कळावं?’ दुसरा चमचा. ‘तुझा हात दीड महिन्यात जुळेल. दात बसवता येतात. तो तुरुंगात जाऊन बसला तर काय बसवणार आहेस त्याला?’

‘अगं, पण लोक हसतील.’

‘हसतातच की. तुला ऐकू येत नाही एवढंच.’

डिस्चार्ज मिळाल्या दिवशी मी टॅक्सीने थेट पोलीस स्टेशनला गेलो. गळ्यात हात अडकवलेला, खिशात वही. त्याच अधिकाऱ्याला म्हणालो, मला जबाबात भर घालायची आहे. त्याने वाक्य लिहून घेतलं, स्पेलिंग विचारलं, आणि म्हणाला की याची खातरजमा करावी लागेल. वेल्डर चालणार नव्हता, तो आरोपीचा दोस्त. त्यांनी एक दुभाषीण बोलावली. साठीची, चष्मा दोरीला लटकवलेला, मूळची तिकडचीच, आणि कधीकाळी शाळेत भाषा शिकवलेली. हे शेवटचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने माझी वही हातात घेऊन पहिल्यांदा समास आखलाय का ते तपासलं.

‘रूपं बरोबर आहेत,’ ती म्हणाली. ‘सहाही. कुणी शिकवली?’

‘एका झुरळाने,’ मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने अधिकाऱ्याला समजावून सांगितलं, आणि जे मला दोन आठवड्यांत कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं. बिती म्हणजे असणे, आणि बिती म्हणजे बडवणे, दोन्ही खरं. दोन वेगळी क्रियापदं, तोंडावळा एक. छपाई बरोबर होती. त्या बडवण्याला पुढे उपसर्ग लागतात. रझबिती म्हणजे फोडून टाकणे, झाबिती म्हणजे ठोकून बसवणे, दोबिती म्हणजे चक्क मिळणे. आणि पुढे नुसता एक ‘उ’ लागला की माणूस संपतो. माझ्या संस्कृतच्या बाई शाळेत हेच सांगत असत, आहार वेगळा, प्रहार वेगळा, संहार वेगळा, उपसर्गाकडे बघत जा रे. मी बघितलं नव्हतं. ‘उ’ मला नुसता गोड वाटला होता.

‘मग घण मारणे याला काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘उदारिती. उदारिम, उदारिश, उदारि.’

म्हणजे त्यांच्याकडे नुसता मारून सोडून देणारा तो उदार! मी वहीत लिहायला गेलो. तिने वही मागे ओढली.

अधिकारी कंटाळला होता. ‘मॅडम, ही धमकी आहे की नाही, तेवढं सांगा.’

‘व्याकरणाने नाही,’ ती म्हणाली. ‘उबियेम हे रूप असं एकटं वापरत नाहीत. आत्ता मारतोय असं म्हणायचं तर उबियाम हवं. पुढे मारीन म्हणायचं तर उबित चू. उबियेमच्या आधी जर किंवा जेव्हा असं काहीतरी लागतं. यांचं वाक्य अर्धवट आहे.’ मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘पण मागे उभं राहून, हातात घण घेऊन म्हटलं असेल, तर पूर्ण आहे.’

तिने पान उलटलं. ते पान मी विसरलो होतो. माझ्या सरावाच्या वाक्यांचं. ती एकेक वाक्य इंग्रजीत मोठ्याने वाचत गेली आणि अधिकारी टाइप करत गेला. मी मुलीला सकाळी शाळेसमोर ठार मारतो. तिथे रेघ होती, हाक या शब्दासाठी. मी बायकोला घरी आल्यावर ठार मारतो. रेघ, मिठी. साहेब मला दर सोमवारी ठार मारतात. रेघ, फोन. आम्ही शेजारी रविवारी समुद्रावर एकमेकांना ठार मारतो. गप्पा. मी म्हातारपणी पुण्यात सगळ्या मित्रांना ठार मारीन. तिथे चकरा होत्या.

टायपिंग थांबलं. अधिकारी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून, फार काळजीने म्हणाला, ‘सर, घरी सगळं ठीक आहे ना?’

त्याने ती वही ठेवून घेतली. पुरावा म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी फोन केला, तो मुलीने उचलला. तिचं सिंगापुरी इंग्रजीतलं उत्तर मला आतल्या खोलीत ऐकू आलं. ‘नो ला, अंकल, ही इज जस्ट लाइक दॅट.’

केस कोर्टात गेली नाही. फोरमनला लेखी ताकीद मिळाली, पासपोर्ट परत मिळाला. कंपनीत मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहून हाच किस्सा तिसऱ्यांदा सांगितला. ते आधी चिडले, मग ‘ती द्रझी’ला तोंड रुमालात लपवून खोलीबाहेर गेले. मला मेमो मिळाला, बढती एक वर्ष मागे गेली. फोरमनला कामावर परत घ्यायचं ठरलं. त्याला पुन्हा माझ्या हाताखाली काम करायचं आहे का, हे मात्र त्यानेच सांगायचं होतं.

म्हणून मी प्लास्टरसह गोदीत गेलो. जहाज अजून तिथेच होतं, नट अजून तिथेच होता. इंजिनरूमच्या तळाशी फोरमन आणि वेल्डर उभे होते. फोरमनने माझ्या गळ्याकडे पाहिलं. ठसे पिवळे पडले होते. त्याने टोपी काढली आणि हातात चुरगाळत राहिला. कानामागची खाच मला पहिल्यांदा दिसली, अंगठा बसेल एवढी. इतका मोठा माणूस समोर उभा असूनही मला त्याची भीती वाटत नव्हती, पण माझे पाय माझं ऐकत नव्हते. त्याच्या हाताने जरा हालचाल केली की माझा पाय मागे जाई. त्याला ते दिसत होतं. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

मी वेल्डरला म्हणालो, ‘त्याला सांग, चुकीचा शब्द वापरल्याबद्दल मला माफ कर.’

वेल्डरने सांगितलं. फोरमन बराच वेळ बोलला, हात खिशातच, नजरेने घण दाखवत, मग माझे पाय, मग मान झुकवून स्वतःचं डोकं. वेल्डर ऐकता ऐकता अस्वस्थ झाला.

‘काय म्हणतो?’

‘सांगू?’

‘सांग.’

‘तो म्हणतो, शब्द बरोबर होता. तू ज्या तऱ्हेने घण उचलला होतास, पाय जवळजवळ, हात दांड्याच्या टोकाला, तो पान्यावर पडलाच नसता. त्याच्या टाळक्यात पडला असता. तुला म्हणायचं काहीही असो, तू त्याला ठारच मारणार होतास.’

मला हसू आलं. टाके ओढले गेले. फोरमनही हसला असावा, मिशा हलल्या. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाताचं होतं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. मी वेल्डरला म्हणालो, ‘मग राहतोय ना तो? विचार त्याला. आणि सांग, आता मला बरोबर शब्द माहीत आहे. या उदा...’

फोरमनने एक हात खिशातून काढला आणि माझ्या तोंडासमोर पंजा धरला. मग तोच पंजा वळवून त्याने शिडीकडे बोट केलं. वर, गोदीच्या ऑफिसकडे. या वेळी त्याला दुभाष्याची गरज पडली नाही.

‘आय स्टे,’ तो म्हणाला. ‘यू, सुपर, गो अप. सिट. नो टॉक.’